करवतीमागची पाचर

जळगावच्या औद्योगिक वसाहतीत पत्र्याच्या एका शेडमध्ये माझी फर्निचरची कार्यशाळा आहे आणि तिच्या मधोमध सरकत्या बेडची, म्हणजे लाकूड ठेवायचे टेबल रुळांवरून सरकणारी, करवत उभी आहे. कारागीर तिला ‘पॅनेल सॉ’ म्हणतात, घाईत असले की नुसते ‘स्लायडिंग’. गेली चौदा वर्षे आमच्याकडे तयार झालेल्या कपाटांचा जवळजवळ प्रत्येक पल्ला तिच्यावरून गेला आहे. तिच्याविषयी सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते. निमित्त मिळाले ते धुळ्याच्या एका तरुण सुताराच्या फोनचे. त्याने नुकतीच अशी मशीन घेतली होती आणि त्याचा प्रश्न एवढाच होता, की पात्याच्या मागे बसवलेला तो लोखंडी पत्रा सारखा मध्ये येतो, तो काढून ठेवला तर चालेल का.

त्या पत्र्याला आमच्याकडे पाचर म्हणतात. हे नाव मशीनच्या पुस्तकातले नाही, ते माझ्या आजोबांकडून आले. आजोबा अमळनेर तालुक्यात आऱ्याने लाकूड चिरण्याचे काम करत. ओंडका उंच घोडीवर चढवायचा, एक जण वर, एक जण खाली, आणि दोघांनी मिळून दिवसभर आरा ओढायचा. चीर हातभर पुढे गेली की तिच्या तोंडाशी लाकडाची पाचर ठोकली जाई, कारण झाडाच्या अंगात वाढताना साठलेला ताण मोकळा झाला की चिरलेल्या दोन्ही फाका पुन्हा एकमेकींकडे येऊ पाहतात आणि आरा मध्ये आवळला जातो. आऱ्यावर त्याची शिक्षा म्हणजे थोडी जास्त मेहनत आणि चार शिव्या. मशीनवर तीच गोष्ट घडली तर हिशेब फार वेगळा होतो.

तो हिशेब एकदा मांडून पाहावा. ३०० मिलिमीटर व्यासाचे पाते मिनिटाला ४,००० फेरे फिरत असेल, तर त्याच्या दाताचा वेग सेकंदाला सुमारे ६३ मीटर, म्हणजे ताशी साधारण २२६ किलोमीटर होतो. त्या वेगाने निघालेला दात जळगावहून भुसावळला सात मिनिटांच्या आत पोहोचेल. पात्याचे पुढचे दात, म्हणजे आपल्या बाजूचे, वरून खाली येतात आणि लाकूड बेडवर दाबून धरतात. तोपर्यंत सगळे ठीक असते. मागचे दात मात्र खालून वर येतात. चीर मिटून लाकूड त्या मागच्या दातांना चिकटले, किंवा गाईड (लाकूड टेकवून सरळ नेण्यासाठी पात्याला समांतर लावलेली पट्टी) आणि पाते यांच्यामध्ये तुकडा किंचित तिरपा झाला, की ते दात त्याला उचलतात आणि त्याच वेगाने थेट माणसाकडे फेकतात. डोळ्याची पापणी लवण्याच्या आत हे घडून गेलेले असते, त्यामुळे ‘मी सावध होतो’ या वाक्याला तिथे काही अर्थ राहत नाही. पाचरीचे काम एकच आहे: चीर मिटू न देणे आणि लाकडाला मागच्या दातांपर्यंत पोहोचू न देणे.

हे सगळे मला तेव्हाही ठाऊक होते, आणि तरीही आठ वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात माझ्या मशीनवर पाचर नव्हती.

एरंडोलकडच्या एका गावातले धाब्याचे, म्हणजे मातीच्या सपाट छताचे, जुने घर पाडले गेले होते आणि त्याच्या कड्या (छताची आडवी लाकडे) व तुळया मी विकत घेतल्या होत्या. खान्देशातल्या धाब्यांवर मातीचा जाड थर असतो आणि ते सगळे ओझे पिढ्यान्पिढ्या पेलणारे सागवान आतून अजून सोन्यासारखे निघते, म्हणून त्याला मागणी असते. आदल्या दिवशी आम्ही कपाटांच्या बाजूंना पाठीच्या प्लायसाठी ६ मिलिमीटरची खाच पाडली होती. आमच्या मशीनवर पात्याचे संरक्षक टोपण पाचरीच्याच डोक्यावर बसत असे आणि खाच पाडताना पाते लाकडाच्या आरपार जात नसल्यामुळे दोन्ही काढणे भाग पडे. काढलेले दोन्ही भाग खिडकीत ठेवले गेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिथेच राहिले. पावणेदोन मीटर लांबीची एक कडी मी गाईडला लावून चिरायला घेतली. दोन तृतीयांश चीर झाली असेल नसेल, तोच पात्याचा आवाज एकदम जड झाला, आणि पुढचे मला आठवते ते फक्त मागे उभ्या केलेल्या पल्ल्यांवर काहीतरी आदळल्याचा आवाज. कडीच्या टोकाने माझी मांडी घासून नेली होती. मांडी तीन आठवडे काळीनिळी राहिली, दोन पल्ले फुटले आणि पात्याचे तीन दात गेले. त्या पल्ल्यांपाशी दोन मिनिटांपूर्वीपर्यंत आमचा धरणगावचा मुलगा उभा होता. तो माठातले पाणी प्यायला गेला होता.

दोष कोणाचा, हा प्रश्न मी स्वतःला फार दिवस विचारला नाही, कारण उत्तर स्वच्छ होते. विचारण्यासारखा प्रश्न दुसरा होता: जी वस्तू दर वेळी काढावी आणि पुन्हा लावावी लागते, ती कधी ना कधी लावायची राहणारच, तर ती काढावीच लागू नये यासाठी काय करता येईल? उपाय सापडला तो अगदी साधा होता. मशीन बनवणाऱ्यांकडून मी दुसरी, बुटकी पाचर मागवली, जिचे टोक पात्याच्या सर्वांत वरच्या दातापेक्षा साधारण २ मिलिमीटर खाली राहते आणि जी पात्याबरोबरच वरखाली होते. टोपण आता वरून आलेल्या स्वतंत्र दांड्यावर आहे. खाच पाडताना टोपण बाजूला सरते, पाचर जागची हलत नाही.

धुळ्याच्या त्या मित्राला मी पाचरीची मापे सांगितली, ती इथेही लिहितो. पाचर आणि दातांची टोके यांच्यात ३ ते ८ मिलिमीटर अंतर असावे. त्याहून जास्त फट राहिली तर चीर मिटायला जागा मिळते. पाचरीची जाडी पात्याच्या पत्र्यापेक्षा जास्त आणि दातांच्या रुंदीपेक्षा कमी असावी लागते. सर्वसाधारण ३०० मिलिमीटरच्या पात्याचा दात ३.२ मिलिमीटर रुंद असतो, म्हणजे आपल्या सुतारी भाषेत बरोबर एक सूत, आणि पात्याचा स्वतःचा पत्रा २.२ मिलिमीटरचा असतो. अशा पात्यामागे अडीच ते पावणेतीन मिलिमीटरची पाचर चालते. पातळ पाते लावले आणि जुनी जाड पाचर तशीच ठेवली, तर लाकूड पाचरीवर अडते, कारागीर वैतागतो आणि पाचर खिडकीत जाते. पाचर ‘मध्ये येते’ अशी तक्रार ज्या ज्या ठिकाणी मी ऐकली, त्यांतल्या बहुतेक ठिकाणी खरे कारण एवढेच होते. ज्या मशीनवर पाते बदलते, तिथे पाचरही तपासली गेली पाहिजे.

आता सरकत्या बेडकडे येतो. ही रचना बर्लिनमध्ये १९०६ साली विल्हेल्म आल्टेनडॉर्फ या सुताराने तयार केली आणि आजही तिचे तत्त्व तेच आहे: माणसाने लाकूड पात्यावर ढकलायचे नाही, लाकूड बेडवर ठेवून बेड पुढे न्यायचा. १८ मिलिमीटर जाडीच्या, आठ बाय चार फुटांच्या एमडीएफचे (लाकडाचा भुगा डिंकात दाबून केलेल्या तक्त्याचे) वजन ४० किलोच्या आसपास भरते. एवढा तक्ता स्थिर टेबलावर सरळ रेषेत ढकलणे दोघांनाही अवघड जाते. सरकत्या बेडवर तो एका हाताने जातो आणि हात पात्यापासून दोन-अडीच फूट लांब राहतात. माझा अनुभव असा, की अख्खा तक्ता कापताना या मशीनवर कोणाला फारसे काही होत नाही. घात होतो तो तक्ता संपल्यावर, उरलेल्या पट्ट्यांवर. पाच इंचांचा एक तुकडा हवा असतो, तेवढ्यासाठी बेडवरची आडवी फेन्स (पात्याशी काटकोनात बसणारी टेकणीची पट्टी) कोण लावणार म्हणून तो हातानेच गाईडला टेकवून ढकलला जातो, आणि मोठ्या तक्त्यावर चौदा वर्षे सुरक्षित राहिलेला हात त्या एका तुकड्यासाठी पात्याजवळ जातो.

माझ्या मशीनच्या पुस्तकात १२० मिलिमीटरपेक्षा अरुंद पट्टी कापताना ढकलकाठी वापरावी असे लिहिले आहे. आम्ही ती काठी मशीनलाच दोरीने बांधून ठेवली आहे, कारण शोधावी लागणारी काठी कोणी वापरत नाही. मात्र त्याहून चांगली युक्ती जर्मन सुतारांची आहे आणि तिचे नावही गमतीदार आहे: फ्रिट्झ आणि फ्रान्झ. प्लायचे दोन ठोकळे करायचे; एक आडव्या फेन्सला धरून, दुसरा बेडच्या खाचेत बसणाऱ्या पट्टीवर, आणि छोटा तुकडा दोघांच्या मध्ये दाबून बेड पुढे न्यायचा. दोन्ही हात मागच्या ठोकळ्याच्या मुठीवर राहतात आणि बोटभर रुंदीचा तुकडासुद्धा निर्धोक कापला जातो. स्पर्श होणाऱ्या कडांना सॅंडपेपरची पट्टी चिकटवली की तुकडा घसरत नाही. आमच्याकडे उरलेल्या प्लायमधून हे ठोकळे एका तासात तयार झाले. त्यांना आमच्या मुलांनी ‘दोघे भाऊ’ हे नाव दिले आहे आणि आता ‘दोघा भावांना आण’ म्हटले की कोणालाही समजते.

अख्खे लाकूड, म्हणजे प्लाय किंवा एमडीएफ नसलेले सलग लाकूड, चिरायचे असेल तेव्हाही गाईडपेक्षा बेडच बरा. बेडच्या टोकाला लाकडाचे तोंड पकडणारा लोखंडी बूट असतो. वाकडी फळी त्यात अडकवून, मागून पकड लावून चिरली की पहिली सरळ कड मिळते आणि लाकूड हातात कुठेच धरावे लागत नाही. गाईड वापरलेच, तर लाकडाच्या बाबतीत ते आपल्याकडे इतके ओढून घ्यावे, की त्याचे पलीकडचे टोक साधारण पात्याच्या मध्यापर्यंतच येईल. म्हणजे कापून झालेल्या भागाला उजवीकडे मोकळी जागा मिळते आणि तो पाते व गाईड यांच्यात आवळला जात नाही. मापाचे तुकडे पाडताना आडवी फेन्स आणि गाईड या दोहोंना एकाच वेळी टेकवून कापण्याची सवय मी अनेक ठिकाणी पाहिली आहे. ती मोडावी. सुटलेला तुकडा तिरपा होऊन पाते आणि गाईड यांच्यात सापडतो, आणि मग त्याला जायला एकच वाट उरते.

मागे तक्ता धरायला उभ्या असलेल्या मदतनिसाविषयी एक वाक्य पुरेसे आहे: त्याने तक्ता झेलावा, ओढू मात्र नये.

आमचे आबा मिस्त्री आता सत्तरीच्या घरात आहेत आणि मशीनवर उभे राहत नाहीत, पण शेडच्या दाराशी खुर्ची टाकून बसतात. बटण बंद केल्याचा खटका ऐकू आला की ते अहिराणीत विचारतात, “बंद व्हयनं का?” नवीन मुलांना सुरुवातीला याचा अर्थ लागत नाही, कारण बटण तर त्यांच्यासमोरच दाबलेले असते. आबा पात्याविषयी विचारत असतात. मोटर थांबल्यावर पाते काही सेकंद नुसत्या जोरावर फिरत राहते आणि धारदार, समतोल पाते फिरताना आवाज करत नाही. दुपारच्या उजेडात ते फिरत असूनही थांबल्यासारखे दिसते. चांगल्या मशीनला ब्रेक असतो आणि पाते १० सेकंदांच्या आत थांबावे अशी अपेक्षा असते. आमचे एकदा १८ सेकंद घेऊ लागले, तेव्हा ब्रेक तपासून घेतला. पाते पूर्ण थांबेपर्यंत उरलेला तुकडा उचलायला हात पुढे जाऊ नये यासाठी आमचा नियम असा आहे, की मशीन चालवणाऱ्याने बटणावरचा हात पाते थांबेपर्यंत काढायचाच नाही. हात तिथे गुंतला की दुसरीकडे जात नाही. फिरत्या पात्याशेजारचा तुकडा काढायचाच असेल तर तो लांब काठीने बाजूला सरकवावा.

कपड्यांचा विषय आपल्या भागात उन्हाळ्यामुळे अवघड होतो. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि पत्र्याखाली त्याहून वाईट अवस्था असते. घाम टिपायला गळ्यात रुमाल किंवा गमछा हवाच असतो, आणि वाकल्यावर त्याचे टोक नेमके कुठे लोंबते हे सांगायला नको. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या २१ व्या कलमात यंत्राचे धोकादायक भाग भक्कम आवरणाने झाकण्याची तरतूद होती आणि २२ व्या कलमात चालू यंत्रापाशी काम करणाऱ्याने अंगाबरोबर बसणारे कपडे घालण्याची. आमच्यासारख्या पाच-सहा माणसांच्या शेडला तो कायदा लागू नव्हता, पण पाते माणसे मोजून कापत नाही. आम्ही गमछा डोक्याला घट्ट बांधतो, टोके आत खोचतो आणि उन्हाळ्यात जाड कटिंग सकाळी सात ते अकरापर्यंत उरकतो. हातमोजे तक्ते उचलताना घालावेत, कापताना काढावेत. मोज्याचा एक धागा दातात आला की तो मागच्या बोटांनाही घेऊन जातो. हातातले कडे, दोरा, अंगठी यांनाही हेच लागू आहे. डोळ्यांना चष्मा आणि कानांना आवाज अडवणारे कप आम्ही वापरतो. कपांची सवय व्हायला महिना लागतो, त्यानंतर ते नसले की चुकल्यासारखे वाटते.

विजेविषयी मला जरा तपशिलात लिहायचे आहे, कारण मशीनच्या पुस्तकात यावर अर्धे पानसुद्धा नसते. कापता कापता वीज गेली की पाते लाकडात अडकून थांबते. अशा वेळी बटण चालूच राहिले आणि अर्ध्या तासाने वीज आली, तर मशीन आपोआप सुरू होता कामा नये. चांगल्या स्टार्टरमध्ये यासाठी नो-व्होल्ट कॉइल असते. वीज गेली की ती सुटते आणि पुन्हा बटण दाबल्याशिवाय मोटर फिरत नाही. जुन्या मशीनवर ही कॉइल बिघडली म्हणून कोणीतरी तिला बगल देऊन तारा जोडलेल्या असतात, हे मी दोनदा पाहिले आहे. दुसरी गोष्ट फेजची. एका पावसाळ्यात बाहेरच्या लाईनचे काम झाले आणि दोन फेजची अदलाबदल झाली. सकाळी मशीन सुरू केली तर आवाज नेहमीसारखाच, पण आबा दारातून ओरडले. पाते उलटे फिरत होते. आमच्या मशीनवर पाते आवळणारा नट उलट्या आट्याचा आहे आणि तो नेहमीच्या फिरण्याच्या दिशेमुळे घट्ट राहतो. उलट्या दिशेने फिरताना आणि ब्रेक लागताना तो सैल होण्याची भीती असते. त्यानंतर आम्ही फेजचा क्रम तपासणारा रिले बसवला. तो एक फेज गेली तरी मोटर बंद करतो, त्यामुळे मोटर जळण्याचा धोकाही टळला. तो बसवण्याचा खर्च एका चांगल्या पात्यापेक्षा कमी आला.

देखभालीविषयी मी असे समजतो, की ती सुरक्षिततेपासून वेगळी काढताच येत नाही. बोथट पाते जास्त जोराने ढकलावे लागते आणि जोर लावलेला हात अचानक सुटला की पुढेच जातो. धार गेल्याची खूण आधी कानाला कळते, मग नाकाला. कड जळकट दिसू लागेपर्यंत उशीर झालेला असतो. मात्र बऱ्याचदा पाते बोथट नसते, नुसते मळलेले असते. एमडीएफ आणि प्लायमधला डिंक दातांच्या बगलांवर साचतो. पाते काढून कोमट पाण्यात कपड्यांची पावडर टाकून भिजवावे, नायलॉनच्या ब्रशने घासावे आणि लगेच कोरडे करून तेलाचा हलका हात द्यावा. कॉस्टिक सोडा वापरू नये. दात टंगस्टन कार्बाइडचे असतात आणि त्यातले कण बांधून ठेवणाऱ्या कोबाल्टला तो खातो. जुन्या घराच्या सागवानात डोक्याविना गाडले गेलेले खिळे असतात, म्हणून आम्ही प्रत्येक कडीवरून आधी जोरदार लोहचुंबक फिरवतो आणि तिच्यासाठी २४ दातांचे जुने पाते वेगळे ठेवतो. लॅमिनेटसाठीचे ९६ दातांचे पाते जुन्या लाकडाला कधीही दाखवत नाही.

पाते बदलताना मशीनच्या बटणावर विसंबू नये. भिंतीवरचा मेन स्विच पाडावा, त्याला कुलूप लावावे आणि चावी पाते बदलणाऱ्याच्याच खिशात असावी. पात्याच्या दोन्ही बाजूंच्या चकत्या आणि शाफ्टचा खांदा कपड्याने पुसून घ्यावा. चकतीखाली पाच शतांश मिलिमीटरचा कण राहिला तरी पात्याच्या कडेला त्याची डगमग जवळपास चौपट होते, कट रुंद येतो आणि आपण धार लावणाऱ्याला दोष देतो. प्रत्येक पात्यावर जास्तीत जास्त फेऱ्यांचा आकडा कोरलेला असतो. मशीनचा वेग पट्टा एका पुलीवरून दुसऱ्या पुलीवर टाकून बदलत असेल, तर हा आकडा वाचल्याशिवाय मोठे पाते चढवू नये. ४०० मिलिमीटरचे पाते ६,००० फेऱ्यांवर गेले तर दाताचा वेग सेकंदाला १२५ मीटरवर पोहोचतो. दातांच्या मुळाशी केसासारखी चीर दिसली की ते पाते भंगारात द्यावे.

मुख्य पात्याच्या पुढे बेडखाली लपलेले स्कोरिंगचे छोटे पाते अनेकांच्या लक्षातही राहत नाही. मोठ्या पात्याचे दात तक्त्याच्या खालच्या बाजूने बाहेर पडताना लॅमिनेटचे टवके उडवतात, म्हणून हे १२० मिलिमीटरचे पाते उलट दिशेने फिरून आधीच एक-दीड मिलिमीटर खोल रेघ पाडून ठेवते. रेघ मुख्य कटाच्या बरोबर रेषेत आणि केसभर जास्त रुंद हवी. मुख्य पात्याला चार-पाच वेळा धार लागली की ते किंचित अरुंद होते आणि स्कोरिंग पुन्हा जुळवावे लागते. टवक्यांच्या निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. हे पाते लाकूड पुढे खेचते, त्यामुळे अख्खे लाकूड कापताना ते बंद करून खाली घेतलेले बरे.

बेडच्या रुळांना तेल लावण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण तेलावर भुसा बसतो, त्याची पेस्ट होते आणि बेड अडखळू लागतो. कोरडा सुती कपडा रोज संध्याकाळी फिरवणे पुरते. अडखळणारा बेड माणूस झटक्याने ढकलतो, तेही पात्याजवळ. पाते वरखाली आणि तिरके करणारे आट्यांचे दांडे महिन्यातून एकदा ब्रशने साफ करून त्यांना सुके वंगण द्यावे. बंद बेअरिंगना ग्रीस लागत नाही. ते आवाज करू लागले की बदलायचे.

काटकोन तपासण्याची एक पद्धत मला फार आवडते. एक मीटर चौरसाचा तुकडा घ्यावा, आडव्या फेन्सला टेकवून एक कड कापावी, तीच कड फेन्सला लावून दुसरी कापावी, असे चारही बाजूंनी फिरावे आणि पाचव्या वेळी पहिल्याच कडेची दोनेक सेंटिमीटरची पट्टी काढावी. त्या पट्टीची दोन्ही टोके व्हर्नियरने मोजावीत. फरकाला चाराने भागले की एका मीटरमागे फेन्स किती चुकली आहे ते कळते, कारण प्रत्येक कटात चूक साठत जाते. मागच्या दिवाळीनंतर आमच्या पट्टीची टोके २०.० आणि १९.२ मिलिमीटर आली, म्हणजे मीटरमागे ०.२ मिलिमीटरची चूक; कपाटाच्या उंच पल्ल्यावर ती दिसते. याच वेळी बेडची आणि गाईडची पात्याशी समांतरता डायल (बारीक फरक मोजणारे काट्याचे घड्याळ) लावून पाहतो. गाईड मागच्या टोकाला दशांश मिलिमीटर उघडे असावे. ते मिटलेले असेल, तर मागचे दात लाकूड घासू लागतात आणि पुन्हा आपण मघाच्या त्या कडीपाशी येतो.

भुशाचा विषय थोडक्यात आटोपत नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीला १९९५ साली माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले, आणि एमडीएफच्या डिंकातून निघणाऱ्या फॉर्माल्डिहाइडलाही २००४ साली त्याच गटात ठेवले. नाकाला रुमाल बांधला की काम भागले असे आपल्याकडे मानतात. रुमाल भुसा अडवतो, बारीक धूळ अडवत नाही. पात्याच्या खालून आणि टोपणावरून, दोन्हीकडून भुसा ओढला गेला पाहिजे आणि नळीत हवेचा वेग सेकंदाला २० मीटरच्या आसपास असला पाहिजे, नाहीतर भुसा नळीतच बसतो. मशीनच्या पोटात साठलेला भुसा मोटरच्या उष्णतेने पेटू शकतो, म्हणून दर शनिवारी खालचे दार उघडून तो काढतो. काम संपल्यावर हवेच्या नळीने स्वतःचे कपडे झटकण्याची प्रथा आम्ही बंद केली. ती धूळ शेजाऱ्याच्या छातीत जाते.

बोटाचा स्पर्श होताच काही मिलिसेकंदांत पाते थांबवणाऱ्या मशीन अमेरिकेत २००४ पासून विकल्या जात आहेत आणि आता कॅमेऱ्याने हात ओळखून पाते खाली घेणाऱ्या सरकत्या बेडच्या करवतीही आल्या आहेत. आपल्यासारख्यांच्या आवाक्यात त्या कधी येतील तेव्हा येवोत. तोपर्यंत शेडमध्ये दाराजवळच्या भिंतीवर आम्ही प्रथमोपचाराची पेटी आणि शेजारी १०८ हा आकडा मोठ्या अक्षरांत लिहिला आहे. बोट तुटलेच तर जखम स्वच्छ कपड्याने घट्ट दाबून हात उंच धरावा. तुटलेला भाग ओलसर स्वच्छ कपड्यात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी. तो थेट बर्फावर ठेवू नये, हळद तर मुळीच लावू नये.

धुळ्याच्या मित्राला मी पाचर काढू नको म्हणालो आणि त्याच्या पात्याच्या दाताची रुंदी विचारली. ते २.४ मिलिमीटर दाताचे पातळ पाते निघाले, पाचर अडीचची. त्याने जुळणारी पाचर मागवली आहे. माझ्याकडे या महिन्यात नंदुरबारचा एक नवीन मुलगा आला आहे. पहिला आठवडा त्याने मशीन चालवायची नाही, फक्त साफ करायची आहे. मेन स्विचला कुलूप असते आणि चावी त्याच्याच खिशात असते. परवा मी स्वतः मापाचा एक तुकडा कापायला गेलो, तर त्याने आधी रूळ पुसून पूर्ण केले आणि मगच चावी दिली.